मायचं इटालियन

आम्ही अमळनेर सोडलं तेव्हा तुम्ही सगळे स्टेशनवर आला होतात. मामा, मामी, गल्लीतल्या दोघी-तिघी, आणि आप्पांबरोबर गिरणीत काम केलेले काहीजण. गिरणी बंद पडून बरेच महिने झाले होते आणि त्यांच्यापैकी अर्धेअधिक पुढच्या वर्षभरात त्याच गाडीत बसणार होते, पण त्या दिवशी ते निरोप द्यायला आले होते. भुसावळहून सुरतेला जाणारी पॅसेंजर उशिराने आली. माय खिडकीशी बसली. मामाने बाहेरून गजांना धरून विचारलं, "ताई, कवय येशी?" कधी येशील? माय म्हणाली, "दिवाळीले." गाडी हलली तरी मामा गज सोडेना, तेव्हा आप्पांनी त्याची बोटं हळूच एकेक करून सोडवली.

नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली. चलथाणला साखर कारखान्याचा गोडसर वास डब्यात शिरला आणि माय पहिल्यांदा बोलली, "आपला गुळना वास येस." त्यानंतर उधना आलं आणि उतरायची घाई झाली.

उधन्याच्या त्या गल्लीत आम्हाला परकं असं काही वाटलंच नाही. समोर शिरपूरचे, शेजारी पारोळ्याचे, कोपऱ्यावरचा किराणावाला धरणगावचा. पहाटेपासून लूमचा खडखडाट सुरू व्हायचा आणि तेवढा सोडला तर खान्देशच उचलून आणल्यासारखा होता. माय बाजारात अहिराणीत भाव करायची आणि अहिराणीतच भांडायची. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही गाडीच्या दारात लोंबकळत अमळनेरला आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. महिन्याभराने परत निघालो तेव्हा मामा म्हणाला होता, "आते कसाले जातंस?" आप्पांकडे एकच उत्तर होतं, काम तिकडे आहे.

मग आप्पांना सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका विणकाम कारखान्यात खात्याचं मुकादमपण मिळालं. मी अमळनेरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगला लागले. शेठनी इटलीहून माग मागवले होते. ते बसवायला तिकडचा मेकॅनिक येणार होता, बायकोसह, आणि दिवाळीपर्यंत राहणार होता. त्यांच्यासाठी शेठनी नदीपलीकडे अडाजणमधला आपला जुना बैठा बंगला उघडला. बंगल्याला घरातलं माणूस हवं म्हणून मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. आप्पांना बढती वाटली. मायसाठी मात्र ते अमळनेर सोडण्यापेक्षा कठीण होतं. उधन्यात तिची भाषा होती, अडाजणमध्ये तिला तोंडच राहिलं नाही.

शेठनी मला एक पुस्तक आणि दोन कॅसेट आणून दिल्या. इंग्रजीतून इटालियन शिकायच्या. म्हणाले, "इंग्लिश आवडे छे ने? तो आ पण आवडशे." इंग्रजी जमतं ना, मग हेही जमेल, असा त्यांचा सरळ हिशेब. माणसं यायच्या आधी मी संध्याकाळी स्वयंपाकघरात टेप लावून बसायचे. पहिला धडा नमस्काराचा. दुसरा हवेपाण्याचा. कॅसेटमधली बाई सुरात विचारायची, "के तेम्पो फा?" हवा कशी आहे? मी तिच्यामागून म्हणायचे. माय पोळ्या लाटता लाटता थांबली आणि दाराकडे बघून म्हणाली, "कोना टेम्पो उना व?" कोणाचा टेम्पो आला गं?

सुरतेत टेम्पो म्हणजे साड्यांचे गठ्ठे वाहणारी गाडी. इटालियनमध्ये तोच शब्द हवेलाही आणि वेळेलाही. मी समजावलं तेव्हा मायला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून ती कान देऊन ऐकायला लागली. मी अडखळायचे ते 'काल्दो'पाशी. इंग्रजी डोक्यात असल्यामुळे काल्दो म्हणजे थंड असंच वाटायचं, आणि आहे ते नेमकं गरम. मायच्या डोक्यात इंग्रजी नव्हतंच. काल्दो गरम, फ्रेद्दो थंड, तिला एकदा सांगितलं ते पुरलं. सोले म्हणजे ऊन, वेन्तो म्हणजे वारा, पिओवे म्हणजे पाऊस पडतोय. 'आफा' या शब्दावर ती खूश झाली. वारा पडलेला, अंगाला चिकटणारा उकाडा, त्याला ते आफा म्हणतात. ती म्हणाली, "हाऊ सुरतनाच शब्द शे."

एप्रिलच्या कडक उन्हात ते दोघं आले. एन्झो उंच, अबोल, तुटकं इंग्रजी बोलणारा. लुचिया तिशीची, लहान चणीची, आणि इटालियनशिवाय एक शब्द न येणारी. गाव कोमो, डोंगरांमधल्या मोठ्या तळ्याच्या काठावर. दुसऱ्या दिवसापासून एन्झो, आप्पा आणि मी सकाळी कारखान्याच्या गाडीने सचिनला जायचो ते दिवेलागणीला परतायचो. मागे बंगल्यात दोघी बायका राहायच्या. एक पुढच्या दारी, एक मागच्या दारी. सुरतेत दोघींना बोलायला कोणी नव्हतं.

पहिल्यांदा कोण बोललं, यावर दोघींचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. लुचिया म्हणायची सिन्योराच, म्हणजे मायच, बोलली. माय म्हणायची, "ती रडी ऱ्हायंती, मंग मी इचारं." ती रडत होती, मग मी विचारलं. काय विचारलं? "के तेम्पो फा." पदराने घाम पुसत, पायरीवर उभं राहून, रडणाऱ्या बाईला हवा कशी आहे असं विचारलं. दुसरा प्रश्न तिला येतच नव्हता. लुचियाने डोळे पुसले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काल्दो." माय म्हणाली, "आफा." आणि लुचिया हसली. आमच्या शेजारच्या जसुबेननी हे कुंपणावरून पाहिलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं त्या ते सांगत.

तेव्हापासून रोज सकाळी, आमची गाडी वळली की दोघी मागच्या ओट्यावर बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की मलाही ऐकायला मिळायचं. आधी सुरतेची हवा. ती तर दोघींना दिसतच होती. मग लुचिया विचारायची, "ए कांदेश?" आणि खान्देशात? माय पूर्वेकडे, आमची गाडी ज्या बाजूने आली होती तिकडे हात करून सांगायची: काल्दो. किंवा वेन्तो. मग ती विचारायची, "कोमो?" लुचिया क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची. फ्रेद्दो. सोले. बऱ्याचदा नेब्बिया. नेब्बिया म्हणजे धुकं. हे मायला कळेना, तेव्हा लुचियाने पातेल्याच्या वाफेत हात फिरवून दाखवला. माय लगेच म्हणाली, "धुई!" आणि लुचियाने आपल्या मनात तो शब्द जपून ठेवला. दोघींनाही आपापल्या गावची हवा प्रत्यक्ष माहीत नव्हती. पण त्या अंदाजाने बोलत नव्हत्या. ज्या खात्रीने त्या सांगायच्या ती पाहून मी कधी मध्ये पडले नाही.

मला व्याकरण येत होतं. कारखान्यात मी एन्झोच्या बोलण्याचं भाषांतर करायचे आणि शेठ मला लोकांपुढे मिरवायचे. पण लुचिया माझ्याशी बोलताना शब्द शोधून, सावकाश, शिक्षकासारखी बोलायची. मायशी ती बोलायची तशी माझ्याशी कधी बोलली नाही.

सप्टेंबर उजाडला. साल अठ्ठ्याण्णव. एके दिवशी नव्या मागांची पहिली मोठी चाचणी होती, म्हणून आम्ही लवकर निघालो. सुरतेत लख्ख ऊन पडलं होतं. पूल ओलांडताना आप्पांनी तापीकडे पाहिलं. पाणी लाल होतं आणि अख्खी झाडं वाहत होती. ते म्हणाले, "वरे लई पानी पडेल दिसस." वर खूप पाऊस झालेला दिसतो. आपल्याकडे धो धो पाऊस झाला होता, धरण भरलं होतं आणि वरून पाणी सोडत होते. दुपारी ऑफिसात बातमी आली की नदीकाठचे भाग खाली करायला सांगितलंय, पूल बंद होतायत.

मी बंगल्यावर फोन लावला. फोन पुढच्या खोलीत असायचा, त्यामुळे लुचियाने उचलला. आवाज मजेत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "चे इल सोले!" ऊन पडलंय, तिने पडदे धुऊन वाळत घातलेत. मला सांगायचं होतं की पूर येतोय, वर गच्चीवर जा, मायला घेऊन जा. आणि पुराला इटालियनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. धड्यात पाऊस होता, वारा होता, बर्फसुद्धा होता, पूर नव्हता. मायला फोनवर बोलव, एवढं सांगायचंही घाईत सुचलं नाही. मी म्हणाले, "थांब, एन्झोला बोलावते," आणि खात्यात धावले. मागांच्या आवाजात त्याला हाका मारून, ओढत आणेपर्यंत फोन मेला होता. पुन्हा लागला नाही.

एन्झो फोनचं बटण दाबत राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने इंग्रजीत विचारलं, "तिच्याबरोबर कोण आहे?"

मी म्हणाले, "माझी आई."

त्याने मान हलवली. मायला किती इटालियन येतं हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. कारखान्याची गाडी आम्हाला घेऊन नदीच्या अलीकडे आली आणि तिथेच थांबली. पोलिसांनी पुलावर दोर बांधला होता. एन्झो त्यांच्याशी इटालियनमध्ये बोलत राहिला, हात जोडून. शेवटी आप्पांनी त्याचा दंड धरला आणि त्याला शेठच्या गोदामात नेऊन बसवलं. तो काही खाईना. आप्पा त्याच्या शेजारी बसून राहिले. दोघांमध्ये तर हवेपाण्याचेही शब्द नव्हते.

पलीकडे काय घडलं ते मला नंतर तिघींनी सांगितलं, मायने, लुचियाने आणि जसुबेननी.

रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली सूचना देत होते. सणासुदीला रोज कोणता ना कोणता भोंगा फिरतो, लुचियाला त्याची सवय झाली होती. जसुबेन कुंपणापाशी येऊन सांगून गेल्या, "लुसीबेन, पाणी आवे छे, उपर चालो." लुचियाला वाटलं नळाला पाणी येतंय, तिने बादली लावली. मग भोंगा ऐकून माय पुढच्या दाराने आली. ती पुढच्या दाराने कधी येत नसे.

माय म्हणाली, "पिओवे."

लुचिया हसली आणि बाहेर बोट दाखवलं. "नो, नो. सोले."

"सोले," माय म्हणाली. तेही खरंच होतं. मग तिने पूर्वेकडे हात केला, रोज करायची तसाच. "कांदेश पिओवे." खान्देशाचं नाव ती लुचियासारखं उच्चारायची, तिला बरं वाटावं म्हणून. "कांदेश पिओवे, पिओवे, पिओवे." आणि तो हात तिने हवेतून सरकवत, वळणं घेत, खाली खाली आणत दारापर्यंत आणला. मग उंबऱ्यावर टेकवला. मग गुडघ्यावर. मग छातीवर.

मायचं माहेर तापीकाठचं. नदी तिकडूनच वाहते आणि आपण जिथे आलो तिथेच येते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

लुचियाने त्या हाताकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती म्हणाली, "कोमे इल लागो." तळ्यासारखं. हे तिने मला पुढे नीट सांगितलं. तिच्या गावात डोंगरावर पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी, वर निरभ्र आकाश असताना, तळं चौकात शिरतं. लहानपणी ती फळ्यांवरून चालत शाळेत गेली होती. मायने तिला सांगितलं ते तिला भाषांतराशिवाय कळलं. मी फोनवर तासभर बोलले असते तरी मला ते सांगता आलं असतं का, मला माहीत नाही.

पुढे कामाला लागली ती लुचियाच. तिने आमचा पिठाचा डबा उचलला, स्टो उचलला, देव्हारा उचलून मायच्या हातात दिला. गाद्या, रॉकेलचा कॅन, पिण्याचं पाणी, मायची शिवणाची मशीन. मशीन दोघींनी मिळून जिन्यावरून ओढली. तिच्या स्वतःच्या सुटकेसा शेवटी राहिल्या आणि त्यातली एक राहूनच गेली. जसुबेन आपल्या सासूला घेऊन आमच्याच गच्चीवर आल्या. अंगणातल्या गटारातून पाणी उलटं यायला लागलं तेव्हा माय आणि लुचिया पायऱ्यांवर होत्या. मग ते सगळीकडून आलं.

जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडू लागल्या तशी लुचिया घाबरली. जसुबेन सांगतात, मायने तिला भिंतीला टेकवून बसवलं, तिचे हात आपल्या हातात घेतले आणि विचारलं, "कोमो?" लुचियाने मान हलवली. मायने पुन्हा विचारलं, "कोमो, के तेम्पो फा?" तेव्हा लुचिया म्हणाली, "नेब्बिया." माय म्हणाली, "धुई." "धुई," लुचिया म्हणाली. मग माय विचारत राहिली आणि ती सांगत राहिली. मायकडे शब्द थोडे होते, म्हणून तेच तेच फिरून येत होते, पण तिने थांबू दिलं नाही.

पाणी ओसरून पूल उघडला तेव्हा आम्ही चालत निघालो. रस्त्यावर गुडघाभर चिखल. बंगल्याच्या भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत पाण्याची रेघ होती. गच्चीवर धूर दिसला. माय स्टोवर भात शिजवत होती आणि लुचिया, मायचं लुगडं अंगाभोवती कसंबसं गुंडाळून, जसुबेनच्या सासूची वेणी घालत होती. एन्झो जिन्याच्या तोंडाशी थांबला. त्याने आधी लुचियाला जवळ घेतलं नाही. तो मायच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात कपाळाला लावला. मायला असलं काही सहन होत नाही. तिने हात सोडवून त्याला ताट वाढलं.

शेठनी त्या दोघांसाठी शहरात हॉटेलची सोय केली होती. लुचिया गेली नाही. ती दिवाळीपर्यंत तिथेच राहिली आणि माग सुरू झाल्यावर ते दोघं परत गेले. मी तिच्याकडून पुराचा शब्द शिकून घेतला, आल्लुविओने. आज सुरतेत इटलीची मशिनरी घेणारे लोक मला दुभाषी म्हणून बोलावतात. मी कोमोलाही जाऊन आले. पण माझ्यापेक्षा मायचं इटालियन चांगलं होतं असं मी तिथल्या लोकांना सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलतेय.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्याकडे लग्नाकार्याला आलं की कोणीतरी हमखास म्हणतं की आमची ताई सुरतेने ओढून नेली, तिला माहेराची ओढच राहिली नाही. तुमच्यासारखे तिकडे राहिलेलेही म्हणतात आणि आमच्यासारखे गाव सोडून पुण्या-नाशिकला गेलेलेही. मामा मात्र हे कधी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते मी पाहिलंय.

पुराची बातमी ऐकून तो मिळेल त्या गाडीने आला होता. बाजरीच्या पिठाची पिशवी खांद्यावर, अंगभर धूळ. मायने पुढच्या दोन खोल्या लुचियासह साफ केल्या होत्या आणि आता ती आमच्या खोलीतला चिखल फावड्याने ओढून बाहेर टाकत होती. मामा दारात उभा राहिला. भिंतीवरची रेघ त्याने पाहिली.

"ताई," तो म्हणाला, "पुरे व्हयनं आते. आधी रोग, आते पूर. चाल घर."

माय थांबली नाही. त्या जागेला ती तोपर्यंत शेठच्या खोल्या म्हणायची, आम्हीही तसंच म्हणायचो.

"मन्हा घरमा गाळ भरेल शे, भाऊ," ती म्हणाली. "तो टाकीसन कशी येऊ?"

माझ्या घरात गाळ भरलाय, तो तसाच सोडून कशी येऊ. मामाने ओट्यावर कोरडी जागा शोधून पिशवी ठेवली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मला विचारलं, "दुसरं फावडं कोठे शे?"